हबीबचाचांना दिसलेला पाय

हबीबचाचा माणसाच्या तोंडाकडे नंतर पाहायचे, आधी मनगटाकडे. धंदा बांगड्यांचा, त्यामुळे डोळ्यांना वळणच तसं पडलेलं. समोर नवी नवरी असो, तलाठी असो, नाहीतर कुणाच्या मयतीला आलेला लांबचा पाहुणा असो, त्यांची नजर पहिली तिथे जायची. मग ओठ किंचित हलायचे. "दोन-सहा," असं काहीतरी माप ते स्वतःशी पुटपुटायचे आणि त्यानंतर सलाम करायचे.

माझी त्यांची पहिली भेट शेलूबाजारच्या आठवडी बाजारातली. आम्ही माळी. कारंज्याबाहेर आमचा भाजीचा बगीचा आहे. बाजाराच्या दिवशी आई मेथी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर घेऊन बसायची आणि तिच्या शेजारी हबीबचाचांचं बांगड्यांचं दुकान लागायचं. मी तेव्हा कॉलेजात होतो. भाजीचं ओझं उतरवून द्यायला गेलो, तर या अनोळखी म्हाताऱ्याने माझा हात धरला, उलटा केला आणि मनगटावरचे ओरखडे पाहिले.

"नखाचे आहेत हे. काय खेळतं तू?"

"बास्केटबॉल."

"मंग रेफरी आंधळा होता का?"

मला हसू आलं. बांगड्या विकणाऱ्याला रेफरीची काय पडली आहे, असं वाटलं. पुढच्याच आठवड्यात कारंज्याच्या मैदानावर आमची मॅच होती. पाहतो तर काळी पँट, राखाडी शर्ट, गळ्यात शिट्टी आणि मेंदी लावलेली दाढी, बाजारातले तेच चाचा रिंगखाली उभे! पहिल्या पाच मिनिटांत त्यांनी मला दोन फाऊल दिले. दुसऱ्या वेळी गुण लिहिणाऱ्यांच्या टेबलाकडे जाता जाता माझ्या कानाशी म्हणाले, "नखं काप रे बाबा, आता तू बी तेच करून राह्यला."

उंची जेमतेम पाच फूट दोन इंच. खेळाडू म्हणून कुणी संघात घेईना म्हणून शिट्टी घेतली, असं ते स्वतःच हसून सांगायचे. नियमांचं पुस्तक इंग्रजीत. ते एका मास्तरांकडून वाचून घेतलं आणि अर्थ उर्दूत एका वहीत उतरवून काढला. रेफरीची परीक्षा तिसऱ्या खेपेला पास झाले. मॅचच्या दिवशी सकाळी दहा-बारा बायकांचे हात भरल्याशिवाय ते मैदानावर यायचे नाहीत. मग कारंज्यातल्या दुकानाच्या गल्ल्यावर सून शबानाला बसवायचे, बूट पांढरे करायचे आणि निघायचे. मैदानावर टवाळ पोरं ओरडायची, "बांगडीवाले, बांगडीवाले!" चाचा एकदा खेळ थांबवून त्यांच्याकडे वळले आणि शांतपणे म्हणाले, "मनगटं सांभाळाचंच काम आहे बेटा, तिकडं बी नि इकडं बी." पोरं गप्प झाली, आणि दुसऱ्या सत्रात पुन्हा ओरडायला लागली. चाचांना त्याचं काही नव्हतं.

मी पुढे शाळेत खेळाचा शिक्षक झालो आणि रेफरी व्हायचं मनात आलं. पुस्तक पाठ होतं, पण कुठला धक्का फाऊल आणि कुठला नाही, हे काही केल्या कळेना. कुणाचा हात कुणाला लागला की मी शिट्टी वाजवायचो. एका मॅचमध्ये इतके फाऊल दिले की दोन्ही संघ मिळून माझ्या अंगावर आले. दुसऱ्या दिवशी चाचांच्या दुकानात जाऊन रडगाणं गायलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हात दे."

माझी बोटं एकत्र करून, अंगठ्याखालचं हाड आत दाबून त्यांनी एक काचेची बांगडी माझ्या हातावरून अशी सरकवली की ती मनगटावर आल्यावरच मला कळलं.

"लागलं?"

"लागलं."

"अडलं कुठी?"

"नाही."

"मंग फाऊल नाही." त्यांनी ती काढली आणि एक लहान मापाची घेतली. ती हाडावर येऊन थांबली. हात आपोआप मागे खेचला गेला. "आता?"

"अडलं."

"हां. आता शिट्टी." बांगडी सोडवत ते म्हणाले, "हात लागला म्हनून फाऊल नसते, गजू. दहा पोरं एवढ्याशा जागेत धावतात, लागनारच. लागून त्याचं काय अडलं ते पाह्य. तोल गेला? वाट गेली? हातातला बॉल गेला? काहीच नाही गेलं तं खेळू दे त्याले."

मग गंभीर झाले. "पन एक ध्यानात ठेव. जो उडाला, त्याले उतराले जागा पायजे. उडाला तवा जी जागा रिकामी होती, ती त्याची. हवेतल्या मानसाले वळता येत नाही, थांबता येत नाही, तो आपल्या भरवशावर असते. त्याच्या खाली कोनी पाय सरकवला, तं त्याले मी फाऊल बी नाही म्हनत. मले तो गुन्हा वाटते."

त्यांच्या दुकानाची एक रीत होती. भरताना बांगडी वाढली (फुटली म्हणायचं नाही), तर ती भरणाऱ्याच्या माथ्यावर. "तुमीच हात हालवला," असं चाचांनी कुठल्या बाईला कधी म्हटलं नाही. "माझा अंदाज चुकला, बाई," म्हणायचे आणि तुकडे स्वतः वेचायचे. मैदानावरही तेच. एकदा मंगरूळपीरच्या मुलांच्या मॅचमध्ये त्यांनी चुकीचा पाचवा फाऊल दिला आणि त्या संघाचा सगळ्यात चांगला खेळाडू बाहेर बसला. मध्यंतरात चाचा स्वतः चालत त्यांच्या प्रशिक्षकाकडे गेले. "चुकलो. तुमचं नुकसान झालं. ते मी वापस देऊ शकत नाही, पन चुकलो." तो प्रशिक्षक तावातावाने बोलायला उठला होता, तो उभाच राहिला. त्याने चाचांना पाणी दिलं. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे, म्हणूनच पुढे जे केलं त्याला मला कसलीच सबब सापडत नाही. चुकलो म्हणणाऱ्याला हा माणूस काय म्हणेल, हे मला पक्कं ठाऊक होतं.

माझी एक खोड होती. बॉल रिंगकडे निघाला की माझी मान त्याच्यामागे जायची. खेळाडू असतानाची सवय, बॉल आत गेला की नाही हे पाहिल्याशिवाय चैन पडायचं नाही. बास्केटबॉलला दोन रेफरी असतात. एक रिंगखाली उभा राहतो, तो तिथली ढकलाढकली पाहतो. दुसरा मागे, मैदानाच्या मध्याकडे असतो. लांबून कुणी उडी मारून बॉल टाकला, तर तो खेळाडू मागच्या रेफरीच्या वाट्याचा. त्याचे दोन्ही पाय जमिनीला टेकेपर्यंत त्याच्यावरून नजर हलवायची नाही. मी हलवायचो. चाचा येऊन मानेवर टपली मारायचे.

"बॉल कोनाले मारत नाही, गजू. बॉल पाहाले सारं गाव बसलं आहे. मानसाले पाहाले आपुन दोघंच."

त्यांनीच माझं नाव पुढे केलं आणि मला जिल्हा स्पर्धेत मुलींची फायनल मिळाली. जोडीदार खुद्द हबीबचाचा. मैदान कारंज्याचंच. हिवाळ्यातली दुपार होती. बगीच्याचं काम टाकून आई-वडील पाहायला आले होते आणि आई मैदानाकडे कमी, माझ्या राखाडी शर्टाकडेच जास्त पाहत होती.

एका बाजूला धनजच्या मुली होत्या. त्यांच्यात पूनम नावाची पोरगी होती, उंच, काटक, उडी अशी की पाहत राहावं. तिची पोलीस भरतीची तयारी चालली होती. पहाटे डांबरी रस्त्यावर धावणारी पूनम जीपवाल्यांना ओळखीची झाली होती, तिला पाहून ते दिवे मिचकावायचे. "पूनम वर्दी घातल्याबिगर राह्यत नाही," असं सगळं धनज म्हणायचं. धावणं तिच्यासाठी खेळ नव्हता, घराबाहेर पडायची वाट होती.

शेवटचे काही सेकंद राहिले होते आणि धनजचा संघ एका गुणाने मागे होता. बॉल उजव्या बाजूला पूनमकडे आला. समोर विरुद्ध संघाची एक मुलगी हात वर करून आली. पूनम उडाली. चाचा रिंगखाली होते, मी मागे होतो. पूनम माझ्या वाट्याची होती.

आणि मी बॉल पाहिला.

बॉल रिंगच्या कडेवर दोनदा फिरला आणि बाहेर पडला. माझी नजर खाली आली तेव्हा पूनम जमिनीवर होती. दोन्ही हातांनी गुडघा धरलेला, तोंड उघडं, आणि आवाज काहीच नाही. समोरची मुलगी दोन हात लांब उभी होती. कुणीतरी बॉल पकडला, वेळ संपल्याचा भोंगा वाजला, एका बाजूने जल्लोष उसळला. रिंगखाली हबीबचाचा शिट्टी ओठांत धरून माझ्याकडे पाहत होते. माझ्या शिट्टीची वाट पाहत होते. जोडीदाराच्या वाट्यात, ओझरतं दिसलेल्या गोष्टीवर शिट्टी वाजवायची नाही, हा त्यांचा कायदा होता.

धनजचे प्रशिक्षक ओरडत धावत आले. चाचांनी त्यांना हाताने थांबवलं आणि मला बाजूला घेतलं.

"गजू, खाली पाय होता का?"

एवढंच म्हणायचं होतं, की चाचा, माझी नजर बॉलवर होती. चार शब्द. पण समोर सारं गाव होतं, आई होती, माझी पहिली फायनल होती, आणि हीच खोड काढायला या माणसाने दोन वर्षं माझ्या मानेवर टपल्या मारल्या होत्या.

"नव्हता, चाचा."

"पुरी उतरेपर्यंत पाह्यलं?"

"पुरी उतरेपर्यंत."

त्यांनी सवयीने माझ्या मनगटाकडे पाहिलं, मग तोंडाकडे. मग वळून प्रशिक्षकांना म्हणाले, "माझ्या जोडीदारानं पाह्यलं आहे. पाय नव्हता. पोरगी वाकडी उतरली." शिव्या त्यांनी खाल्ल्या. कुणीतरी बाटली फेकली, ती त्यांच्या खांद्याला लागली. मी त्यांच्या मागे उभा होतो.

पूनमच्या गुडघ्यातला लिगामेंट तुटला होता. अकोल्याला ऑपरेशन झालं. ती चालायला लागली, पण पूर्वीसारखी धावली नाही. त्या वर्षीची पोलीस भरती तिच्याविना होऊन गेली. वर्षभराने पुन्हा भरती आली आणि तीही गेली.

साताठ दिवसांनी मी दुकानात गेलो तेव्हा चाचा बांगड्यांची पेटी पुसत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "गजू, मले पाय दिसते."

"कोनता पाय?"

"पूनमच्या खालचा. निळा बूट आहे. पांढरी नाडी. सरकत येते नि थांबते. नमाजले उभा राह्यलो तरी दिसते."

"भास असन, चाचा," मी म्हणालो. पहिलं खोटं घाबरून बोललो होतो. हे दुसरं मात्र मी खुर्चीवर बसून, हातात चहाची कपबशी धरून बोललो.

"असन," ते म्हणाले. "तू तं पाह्यलं आहे."

त्यांनी वाशिमला जाऊन डोळे तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने नजर उत्तम आहे. त्याने ते आणखीच घाबरले. "डोळे बराबर आहेत म्हंते. मंग पाय कुठून आला?" मला ते विचारायचे आणि मी दुसरंच काहीतरी बोलायला लागायचो.

एका दुपारी त्यांनी मला मैदानावर बोलावलं. तिथे कुणी नव्हतं. त्यांनी खिशातून एक हिरवी बांगडी काढली आणि पूनम जिथे उतरली होती तिथे मैदानावर ठेवली. जागा त्यांना बोटभरही शोधावी लागली नाही. मग रिंगखाली जाऊन उभे राहिले.

"पाय सरकव, गजू. बांगडीजवळ आन."

मी पाय सरकवला.

"दिसते," तिकडून आवाज आला. "साफ दिसते. आता काढून घे." मी काढला. "नाही दिसत. बराबर." मग ते चालत आले, बांगडी उचलली, शर्टाला पुसली. "पाय राह्यला तं दिसते, नाही राह्यला तं नाही दिसत. मंग त्या दिवशी नसलेला पाय मले असल्यासारखा दिसला, याचा अर्थ काय, तूच सांग."

मी सांगितला नाही. हबीबचाचांनी त्या महिन्यात शिट्टी सोडली. "ज्याले नसलेलं दिसते, त्यानं कोनाचा निवाडा करू नये," म्हणाले. लोकांनी समजावलं, मीही समजावलं. माझ्या समजावण्याची आज मला किळस येते.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण तो पाय त्यांच्या दुकानातही शिरला. कामरगावची एक नवरी चुडा भरायला आली होती. चाचांनी मनगट पाहिलं, माप पुटपुटले, मग थांबले. पुन्हा पाहिलं. दुसरं माप घेतलं. ते ठेवून तिसरं घेतलं. उभ्या आयुष्यात त्यांना दुसऱ्यांदा पाहायची वेळ आली नव्हती. त्या दिवशी पोरीच्या हातावर लागोपाठ तीन बांगड्या वाढल्या आणि रक्त आलं. चाचांनी तिचा हात धुतला, तिच्या आईची माफी मागितली, तुकडे वेचले आणि गादीवरून उतरले. "शबाना, आता तूच बस," एवढंच म्हणाले. हे मला शबानाभाभींनी सांगितलं. त्यानंतर ते दाराजवळच्या स्टुलावर बसून राहायचे, हात मांडीवर उताणे ठेवून. येणाऱ्याच्या मनगटाकडे बघणंही त्यांनी सोडलं. माझ्याशी बोलताना ते सरळ माझ्या तोंडाकडे पाहायचे, आणि ते मला सहन व्हायचं नाही.

मी सांगायला गेलो नाही असं नाही. दोनदा दारापर्यंत जाऊन काढता पाय घेतला. तिसऱ्या वेळी, रमजानचा महिना होता, बगीच्यातली भाजी घेऊन गेलो आणि बसल्या बसल्या सुरुवातही केली. "चाचा, त्या दिवशी फायनलमंधी..."

त्यांनी हात वर केला. "नको बेटा. तू किती येळा सांगशीन? तुह्यावर मले पुरा यकीन आहे. माझ्याच नजरेवर नाही राह्यला."

त्या वेळी बोलायला हवं होतं, हात बाजूला सारून बोलायला हवं होतं. मी पालकाची जुडी त्यांच्या हातात दिली आणि उठलो. मॅचला तेव्हा सहा वर्षं होत आली होती.

गेल्या हिवाळ्यात हबीबचाचा गेले. दुपारचं जेवण करून आडवे झाले, ते उठलेच नाहीत. जनाज्याला सगळा बाजार लोटला होता. मीही खांदा दिला. लहानखुरा माणूस, वजन काहीच नव्हतं, आणि माझा खांदा आठवडाभर दुखला.

चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला शबानाभाभींनी मला बोलावलं. मी पुढच्या दुकानातच बसलो होतो. आतून एक मुलगी आली, एक पाय किंचित ओढत. मी उभा राहिलो. पूनम होती. मॅचनंतर मी तिला कधीच भेटलो नव्हतो, म्हणजे भेटायचं टाळलं होतं. कामरगावात तिचं झेरॉक्सचं दुकान आहे आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं काम ती करते, हे ऐकून होतो.

"पोलीस भरतीचे फॉर्म मीच भरतो आजूबाजूच्या पोरीयचे," ती हसून म्हणाली. "उंची, धावनं, गोळाफेक, सारं तोंडपाठ आहे मले. बसा ना सर."

तीही बसली. बांगड्यांच्या पेट्यांकडे पाहत म्हणाली, "चाचा आमच्या घरी तीनदा आले होते, सर. तुमाले माहीत आहे?"

मला माहीत नव्हतं.

"पह्यल्यांदा आले तवा मी पलस्तरात होतो. दारातच उभे राह्यले. आत या म्हटलं तं येईना. म्हने, 'बेटी, एकच सांग, तुह्या खाली पाय होता का?' नि रडून राह्यले होते. एवढा म्हातारा मानूस."

"मंग तू काय सांगितलं?"

"नव्हता म्हटलं. माझाच पाय वाकडा पडला म्हटलं." ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. "माझं जे जाचं होतं ते तं गेलंच होतं. म्हटलं, यायच्या जिवाले कायले घोर? दुसऱ्यांदा आले, तिसऱ्यांदा आले, मी तेच सांगितलं. मले वाटलं, आपुन नव्हता म्हनू तं हे मोकळे होतीन."

"नि खरं?"

"होता ना, सर." तिने माझ्याकडे पाहिलं. "निळा बूट होता. पांढरी नाडी. मी हवेतच होतो तवा दिसला मले. वळताच आलं नाही."

चाचांचा एक नियम होता. ज्याने शिट्टी वाजवली, त्याने स्वतः टेबलापाशी जायचं, सगळ्यांना दिसेल असं ताठ उभं राहायचं आणि कुणाचा फाऊल ते आपल्या तोंडाने सांगायचं. मी उठून उभा राहिलो. हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं.

"पूनम, त्या दिवशी तू माझ्या वाट्याची होती. मी तुले पाह्यलंच नाही. मी बॉल पाहत होतो. चाचायनं विचारलं तवा खोटं बोललो. त्यायले पाय दिसला होता. मी त्यायले भास आहे म्हनून सांगितलं."

आत ताटं वाढल्याचे आवाज येत होते. पूनम माझ्यावर ओरडेल, निदान उठून जाईल, असं मला वाटलं. तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं. ती फक्त दाराजवळच्या रिकाम्या स्टुलाकडे पाहत राहिली.

"म्हंजे त्या मैदानावर एकट्या त्यायलेच बराबर दिसलं होतं," ती हळूहळू म्हणाली. "नि आपुन दोघायनं मिळून त्यायले आंधळं केलं, सर."

तिचे डोळे भरले होते. गुडघ्यासाठी ती माझ्यासमोर रडली नाही, चाचांसाठी रडली. शबानाभाभी जेवायला बोलवायला बाहेर आल्या. त्यांनाही मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्या पदर तोंडाला लावून आत गेल्या. मी न जेवता निघालो. मला कुणी थांबवलं नाही, आणि ते बरोबर होतं.

मी अजून रेफरी आहे. सोडावं असं खूपदा वाटलं, पण सोडणं मला सोपं गेलं असतं. नव्या मुलांना शिकवताना मी ही गोष्ट पहिल्याच दिवशी सांगतो, माझ्या नावासकट. त्यांचा हात घेतो, शबानाभाभींकडून आणलेली बांगडी सरकवतो आणि विचारतो, लागलं का, अडलं का. चाचांसारखी अलगद ती माझ्याने सरकत नाही.

मॅचमध्ये माझी मान आता बॉलमागे जात नाही. बॉल रिंगवर फिरत असतो, सारं गाव वर पाहत असतं, आणि मी उडालेल्या पोरीच्या पायांखालच्या जागेकडे पाहत असतो. तिथे कुणाचा पाय नसतो. पोरगी नीट उतरते, पळत जाते. तरी दर वेळी त्या रिकाम्या जागेत मला एक निळा बूट सरकत येताना दिसतो. पांढरी नाडी. शिट्टी ओठांपर्यंत येते आणि जोडीदार माझ्याकडे पाहतो. मी मान हलवून नाही म्हणतो, पाय नव्हता. आता ते खरं असतं.

तो बूट मी त्या दिवशी पाहिलाच नव्हता. हबीबचाचांनी पाहिला होता.